सनमायकाचा ओटा काढून दगडी ओटा करावा काय?

सिल्वासातील सदनिकांमध्ये स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ओट्याचा असतो. सुताराने प्लायवर किंवा पार्टिकल बोर्डवर सनमायका चिकटवून केलेला ओटा प्रारंभी आकर्षक दिसतो. काही पावसाळे गेले की सिंकच्या कडेला तो फुगतो, शेगडीजवळ तपकिरी डाग उमटतात आणि पुढच्या कडेची पट्टी सुटून हाताला लागू लागते. अशा वेळी ‘हे सारे काढून ग्रॅनाइट बसवून टाका’ असा सल्ला शेजारी, सुतार आणि दगडाचा विक्रेता हे तिघेही एकमुखाने देतात. सल्ला बहुतेकदा चुकीचा नसतो, अपुरा असतो. ओट्याचे आयुष्य वरच्या थरावर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते त्या थराखाली काय आहे आणि पाणी कोठून आत शिरते यावर अवलंबून असते. तो भाग न पाहता वर दगड ठेवला, तर खर्च दुप्पट होतो आणि मूळ दुखणे तसेच राहते.

पिपरिया, मसाट, खडोली येथील औद्योगिक वसाहतींमुळे सिल्वासात नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्यांतील कित्येक भाड्याच्या घरात राहतात, काही कंपनीच्या निवासात, तर काहींनी स्वतःची सदनिका घेतली आहे. या तिघांसाठी ओट्याच्या प्रश्नाचे उत्तर एकच असू शकत नाही, हेही आधीच लक्षात ठेवलेले बरे.

सनमायका म्हणजे नेमके काय

‘सनमायका’ हे मुळात एका उत्पादनाचे व्यापारी नाव. मराठी घरांत ते लॅमिनेट या पदार्थाचेच सामान्यनाम होऊन बसले. नावात ‘मायका’ म्हणजे अभ्रक असले, तरी या पत्र्यात अभ्रक नसते. त्यामागची कथा रंजक आहे. १९१३च्या सुमारास अमेरिकेत डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी विद्युत उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरता येईल असा रेझिनयुक्त थर तयार केला आणि ‘अभ्रकाच्या जागी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्याला ‘फॉर्मायका’ असे नाव दिले. विजेच्या यंत्रांसाठी निघालेली ही वस्तू पुढे टेबलावर आणि स्वयंपाकघरात आली.

आजचे लॅमिनेट म्हणजे कागदाचे थर. तपकिरी क्राफ्ट कागदाचे अनेक थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले असतात. त्यांवर रंग वा नक्षी छापलेला, मेलामाइन रेझिनने युक्त कागद असतो. हे सर्व उष्णता आणि प्रचंड दाब यांखाली एकजीव केले जाते. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २०४६ हे मानक याच पत्र्यांसाठी आहे. घरात बहुधा ०.८ किंवा १ मिलिमीटर जाडीचा, आठ फूट बाय चार फुटांचा पत्रा वापरतात. हा पृष्ठभाग पाणी शोषत नाही, लिंबू-चिंचेने खराब होत नाही, आणि दर्जेदार असेल तर हळदीचा डागही वेळीच पुसल्यास राहत नाही. लॅमिनेटला दोष देताना हे विसरले जाते. एक मिलिमीटरचा हा थर पाण्याला पुरून उरतो. पाण्याला शरण जातो तो त्याखालचा लाकडी फळा.

उष्णतेची गोष्ट वेगळी. पूर्ण दाबावरील प्रेशर कुकरच्या आतील तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. तो क्षणभर लॅमिनेटवर ठेवला तर सहसा काही होत नाही. तळणीची कढई मात्र १८० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असते आणि भाकरीचा तापलेला तवा त्याच्याही पुढे जातो. असे भांडे थेट ठेवले की मेलामाइनचा थर करपतो किंवा खालचा गोंद सुटून फोड येतो. हा डाग कशानेही जात नाही. ज्या घरात रोज भाकरी होते आणि तवा उतरवण्याची घाई असते, तेथे लॅमिनेटची कसोटी लागते, हे मान्य करावे लागेल.

ओटा बिघडतो तो कोठे

बिघडलेल्या ओट्याचे परीक्षण कोणालाही करता येते; त्यासाठी कारागिराची गरज नाही. सिंकखालचे कपाट रिकामे करावे, विजेरी घेऊन वरच्या फळ्याची खालची बाजू पाहावी आणि सिंकसाठी कापलेल्या कडेवर बोटाने वा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबावे. फळा टणक असेल तर बिघाड वरवरचा आहे. भुसा निघत असेल, फळा पावासारखा फुगलेला असेल किंवा बोट आत रुतत असेल, तर वरचा पत्रा बदलून उपयोग नाही. मातीच्या बारीक बोगद्यासारख्या रेषा दिसल्या, तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त होईपर्यंत लॅमिनेट आणि दगड दोन्ही विचार बाजूला ठेवावे.

फळ्यांच्या प्रकारात मोठा फरक असतो आणि बिलात तो बहुधा नुसत्या ‘प्लाय’ या शब्दाखाली झाकला जातो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या कणांचा दाबलेला फळा. एकदा पाणी पिऊन फुगला की तो पूर्ववत होत नाही. एमडीएफची अवस्था जवळपास तीच. आयएस ३०३ मानकाचे साधारण वापराचे प्लायवूड त्यापेक्षा बरे. पण सिंकभोवती टिकते ते आयएस ७१० मानकाचे, बाजारात ‘मरीन प्लाय’ म्हणून ओळखले जाणारे. फळ्यावर छापलेला क्रमांक कापण्यापूर्वी पाहून घ्यावा. एकदा सनमायका चिकटला की तो क्रमांक कायमचा झाकला जातो.

दादरा आणि नगर हवेलीत जून ते सप्टेंबर हे चार महिने हवेतील दमटपणा लाकडाला कोरडे होऊ देत नाही. दमणगंगेच्या काठच्या वस्त्यांत तळमजल्याच्या भिंतींना ओल येते आणि भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठ त्या ओलीने आधी जाते. त्यामुळे येथे लॅमिनेटचा ओटा पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेतील ओट्याइतका टिकेल अशी अपेक्षा धरू नये. त्याच कारणाने सुतारकाम पावसाळ्यात काढू नये. ओलसर प्लायवर लावलेला पत्रा हवा कोरडी झाल्यावर कडेने उचलला जातो. दसऱ्यानंतरचा काळ अधिक सोयीचा.

फळा शाबूत असेल, तर कमी खर्चाचा मार्ग उपलब्ध आहे. जुना पत्रा खरवडून नवा बसवता येतो. सिंकची कड वार्निश किंवा इपॉक्सीने बंद करून वर सिलिकॉनचा जाड थर देता येतो. पुढच्या कडेला पीव्हीसीऐवजी ॲल्युमिनियमची पट्टी लावता येते. सिंक आणि शेगडी यांच्याभोवतीचा तीन-चार फुटांचा भाग दगडाचा आणि उरलेला लॅमिनेटचा, असा मिश्र ओटाही करता येतो. दिसायला तो थोडा विजोड वाटतो, म्हणून विक्रेते तो सुचवत नाहीत. पण पाणी आणि आच या दोन्ही शत्रूंना तो नेमक्या जागी अडवतो.

दगड, पण कोणता

मराठी घराला दगडी ओटा नवा नाही. मुंबईच्या चाळींपासून तालुक्याच्या गावापर्यंत पूर्वी कडप्प्याचा ओटा असे. त्याआधी स्वयंपाक जमिनीवरच्या चुलीवर होई आणि दगड असे तो पाट्या-वरवंट्याच्या रूपाने. सिल्वासाच्या परिसरातील खडक म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट. पाटे, जाती, उखळी त्याच दगडाच्या होत. ओट्याच्या मोठ्या, सपाट, चकचकीत लाद्या मात्र बेसाल्टच्या निघत नाहीत, म्हणून ओट्याचा दगड बाहेरून येतो.

कडप्पा आंध्र प्रदेशातून येतो, शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून, कोटा राजस्थानातून. तिघेही चुनखडकाच्या जातीचे. मार्बलही रूप बदललेला चुनखडकच. चुनखडकाचा मुख्य घटक कॅल्साइट. कठीणपणाच्या मोह्स मापनपट्टीवर त्याचा क्रमांक ३, म्हणजे पोलादी सुरीपेक्षा तो मऊ. शिवाय तो आम्लाने विरघळतो. लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, आमसूल, आंबट ताक, व्हिनेगर यांपैकी काहीही तासभर सांडून राहिले की चकाकी जाऊन पांढुरका चट्टा पडतो. तो डाग नसतो, दगडाचा थरच गेलेला असतो. म्हणून घासून तो निघत नाही. आमटीत आमसूल किंवा चिंच घालणाऱ्या स्वयंपाकघरात पांढरा मार्बल बसवणे म्हणजे रोजची धास्ती विकत घेणे होय. कडप्पा स्वस्त आहे, वजन झेलतो आणि ओट्याखालच्या उभ्या आधारांसाठी आजही उत्तम आहे. वरच्या पृष्ठभागासाठी त्याची शिफारस करवत नाही.

ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ हे खनिज असतात. मोह्स पट्टीवर पहिल्याचा कठीणपणा सुमारे ६, दुसऱ्याचा ७. स्वयंपाकातील कोणत्याही आम्लाने हे विरघळत नाहीत, तापलेल्या तव्याने करपत नाहीत आणि सुरीने ओरखडले जात नाहीत. उलट सुरीचीच धार जाते, म्हणून पाट लागतोच. राजस्थानातील जालोर, आंध्रातील ओंगोल परिसर, तेलंगणातील करीमनगर, कर्नाटकातील इलकल ही या दगडाची प्रसिद्ध ठिकाणे. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून जे विकले जाते ते भूशास्त्राच्या दृष्टीने पुष्कळदा ग्रॅनाइट नसतेच. गॅब्रो वा डोलेराइट जातीचे ते खडक असतात. ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा सुप्रसिद्ध ‘ब्लॅक गॅलॅक्सी’ त्यातलाच. ग्राहकाचे यात नुकसान नाही. हे खडक दाट असतात, तेल कमी शोषतात आणि ओट्यासाठी फिक्या ग्रॅनाइटपेक्षा सरस ठरतात.

फसवणूक होते ती दुसरीकडे. करड्या, स्वस्त दगडाला रंग आणि तेल लावून काळा म्हणून विकण्याची चाल जुनी आहे. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन घेऊन नमुन्याच्या मागच्या, पॉलिश न केलेल्या बाजूवर आणि वरही घासावे. फडके काळे झाले तर तो दगड घेऊ नये. दुसरी परीक्षा पाण्याची. नमुन्यावर पाण्याचे आणि गोड्या तेलाचे एकेक थेंब ठेवून पंधरा मिनिटांनी पुसावे. खाली गडद वर्तुळ राहिले तर दगड सच्छिद्र आहे. तो घ्यायचाच असेल तर सीलर लावावा लागेल आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावावा लागेल. तिसरी परीक्षा लिंबाची. फोड रात्रभर ठेवावी. सकाळी चट्टा दिसला तर नाव काहीही सांगितलेले असो, दगड चुनखडकाचा आहे. नमुना दुकानातून घरी न्यायला विक्रेता तयार नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

रंगाविषयी वास्तुशास्त्राच्या नावाने काळा ओटा नको असे पुष्कळदा सांगितले जाते. दगडाच्या गुणांशी त्याचा संबंध नाही. काळ्या दगडावर हळद दिसत नाही, पण बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके ठळक दिसतात. फिक्या दगडावर याच्या उलट. ज्या घरात बोअरवेलचे पाणी येते, त्यांनी हे आधी पाहावे. ग्रॅनाइटमधून घातक किरणोत्सर्ग होतो, असा मजकूरही मोबाइलवर फिरत असतो. बहुतेक खडकांत युरेनियमचा अत्यल्प अंश असतो हे खरे. पण खिडकी उघडणाऱ्या स्वयंपाकघरातील ओट्याने चिंता करावी असे त्यात काही नाही.

क्वार्ट्झ आणि त्याची धूळ

अलीकडे मॉड्युलर किचनच्या दालनांत ‘क्वार्ट्झ’चा आग्रह अधिक असतो. नाव खनिजाचे असले तरी ही लादी खाणीतून निघत नाही. दळलेले क्वार्ट्झ वजनाने सुमारे नव्वद टक्के किंवा अधिक आणि उरलेले पॉलिस्टर रेझिन व रंग, असे मिश्रण दाब व कंपन देऊन कारखान्यात तिची घडण होते. सिल्वासा परिसरातही कृत्रिम दगडाच्या लाद्या बनतात. ग्राहकाच्या बाजूने पाहता तिचे गुण मोठे आहेत. ती पाणी शोषत नाही, एकसारख्या रंगात मिळते, सीलर लागत नाही. अवगुण एवढाच की रेझिन उष्णतेला भिते. दीडशे अंशांच्या पुढे ते पिवळे पडू शकते किंवा तडकते. म्हणजे तवा थेट ठेवण्याच्या बाबतीत महागडे क्वार्ट्झ आणि स्वस्त सनमायका यांच्यात वाटते तेवढे अंतर नाही.

प्रश्न आहे तो कापणाऱ्याचा. बसवलेल्या ओट्यापासून घरातील माणसांना काही धोका नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. धोका आहे तो दगड कापताना, घासताना, सिंकचे भोक पाडताना उडणाऱ्या स्फटिकी सिलिकाच्या बारीक धुळीत. डोळ्यांना न दिसणारे हे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात, तेथील ऊती कठीण होत जातात आणि श्वास तोकडा पडू लागतो. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही आणि तो झालेल्यास क्षयरोगाचा धोकाही वाढतो. भारतात १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत, त्याचा समावेश होता.

क्वार्ट्झच्या लाद्यांत सिलिकाचे प्रमाण सर्वाधिक असल्याने त्या कोरड्या कापणाऱ्या कामगारांना हा आजार थोड्याच वर्षांत आणि तरुण वयात गाठतो, हे इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे दिसून आले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या अशा लाद्यांचे उत्पादन, पुरवठा, कापणी आणि बसवणी यांवर बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो जगातील पहिला देश. तेथील बंदी आली ती स्वयंपाकघराच्या ओट्यांमुळेच.

आपल्याकडची क्वार्ट्झच्या धुळीची कथा याहून जुनी आणि अधिक जवळची आहे. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा व बालासिनोर येथील क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. त्या कारखान्यांत ओट्याच्या लाद्या बनत नव्हत्या, दगडाची भुकटी बनत होती. धूळ मात्र तीच. गावी परतलेले मजूर सिलिकोसिसने एकापाठोपाठ मरू लागले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली, आणि ‘प्रसार’ (पीपल्स राइट्स अँड सोशल रिसर्च सेंटर) या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये २३८ मृतांच्या वारसांना ती भरपाई देण्यास गुजरात सरकारला सांगितले. याचिका २००६ची होती. मधल्या दहा वर्षांत याद्या वाढत गेल्या.

याचा ओट्याच्या निर्णयाशी संबंध असा की, धूळ किती उडावी हे काही अंशी ग्राहकाच्या हातात असते. येथे बहुतेक ठिकाणी लादी घरी आणून जिन्यात किंवा गच्चीवर कटरने कोरडी कापली जाते. पाण्याची धार सोडली की चिखल होतो, सोसायटीत तक्रार येते, म्हणून पाणी टाळले जाते. तोंडाला बांधलेला रुमाल सिलिकाचे कण अडवत नाही. म्हणून माप घेऊन कापणी, कडेची गोलाई आणि सिंकचे भोक हे सारे विक्रेत्याच्या आवारात पाण्याखाली करून घ्यावे आणि घरी केवळ बसवणी व्हावी, असे काम सोपवतानाच ठरवावे. नळासाठीचे एखादे भोक घरीच पाडावे लागले, तर ते पाणी सोडत पाडावे. नैसर्गिक ग्रॅनाइटमध्येही क्वार्ट्झ असतेच, साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश, काहींत अधिक. तेव्हा हा नियम त्यालाही लागू आहे. वर उल्लेखिलेल्या गॅब्रो जातीच्या काळ्या दगडांत ते फारच कमी असते. टिकाऊपणा, आच सोसण्याची शक्ती आणि कारागिराची छाती, तिन्हींचा एकत्र विचार केला तर क्वार्ट्झपेक्षा काळ्या नैसर्गिक दगडाकडे कौल झुकतो.

वजन कोण उचलणार

ग्रॅनाइटची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट. १८ मिलिमीटर जाडीच्या लादीचे वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरते. दहा फूट लांब व दोन फूट रुंद ओटा म्हणजे २० चौरस फूट, म्हणजेच सुमारे ९० किलो. त्याखाली २० मिलिमीटरचा कडप्पा घातला तर आणखी शंभरेक किलो. वर शेगडी, पाण्याचा पिंप, मिक्सर, डबे. जुन्या ओट्यावर सनमायकासह प्लायचा फळा होता, त्याचे वजन यापुढे किरकोळच.

म्हणून जुन्या लॅमिनेटच्या ओट्याखाली केवळ कपाटांच्या चौकटी असतील, तर त्या कशाच्या आहेत हे पाहावे लागते. सुक्या, चांगल्या प्लायच्या चौकटी वजन घेतात. पार्टिकल बोर्डच्या, त्यातही सिंकखालच्या भिजलेल्या चौकटी घेत नाहीत. त्या हळूहळू बसतात आणि दगडाला तडा जातो. अशा वेळी कपाटांची आशा सोडून खाली कडप्प्याचे किंवा विटांचे उभे आधार घ्यावेत. दोन आधारांमधील अंतर दोन ते अडीच फुटांपेक्षा जास्त नको. सिलिंडर ओट्याखालीच ठेवायचा असेल तर त्या खणाची रुंदी आणि हवा खेळण्याची सोय आधारांच्या आखणीतच धरावी. नंतर कडप्पा हलवता येत नाही.

दगडाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे सिंकच्या भोकापुढची आणि मागची दोन-तीन इंचांची पट्टी. तडा बहुधा भोकाच्या कोपऱ्यातून निघतो. कोपरे काटकोनात न कापता गोलसर कापले, लादी नेताना आडवी न धरता उभी धरली आणि सिंकचे वजन दगडावर न टांगता खालच्या आधारावर ठेवले, तर हा तडा टळतो. पुढच्या कडेच्या खालच्या बाजूस एक बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे सांडलेले पाणी त्या खाचेपाशीच गळते आणि मागे सरकून कपाटाच्या दारांपर्यंत पोहोचत नाही. दोन मिनिटांचे हे काम आठवणीने सांगावे लागते. आणि दगड कितीही कठीण असला तरी आधार नसलेल्या जागी खलबत्ता कुटू नये किंवा ओट्याच्या कडेवर नारळ फोडू नये.

उंचीचाही हिशेब आहे. जुना फळा ठेवून त्यावरच दगड बसवला तर ओटा जवळपास पाऊण इंचाने वर येतो. मागच्या टाइल्सची खालची रांग, विजेचे सॉकेट, खिडकीची चौकट यांच्याशी तो भिडेल काय हे मोजून घ्यावे. स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापेक्षा ओटा तीन-चार इंच खाली असावा, हा साधा दंडक. बहुतेक घरांत ओट्याची उंची कंत्राटदार ठरवतो. बदलाची संधी आलीच आहे, तर ती स्वयंपाक करणारीने वा करणाऱ्याने ठरवावी.

ज्यांनी थांबावे

भाड्याच्या घरात दगड बसवू नये, घरमालक खर्च उचलत असेल तर गोष्ट वेगळी. दगड काढून नेता येत नाही. निघतो तो तुटूनच. कंपनीच्या निवासात परवानगीविना बदल करण्याचा प्रश्नच नाही. अशांनी सिंकची कड नीट बंद करून, शेगडीच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचा सुटा तुकडा ठेवावा. दगडविक्रेत्याकडे सिंकच्या भोकातून निघालेले चौकोनी तुकडे पडलेले असतात. कडा घासून असा तुकडा अल्प किमतीत मिळतो आणि तवा, कढई ठेवण्याची सोय होते. कित्येक घरांची दगडी ओट्याची गरज एवढ्यावर भागते.

स्वतःच्या घरात फळा कुजलेला असेल आणि त्या घरात आणखी दहा-पंधरा वर्षे राहायचे असेल, तर मात्र लॅमिनेटवर पुन्हा खर्च करण्यात अर्थ नाही. आधारांसह दगडी ओटा करून घ्यावा. फळा शाबूत असून केवळ रंग जुना झाला म्हणून दगड हवा असेल, तर ती हौस आहे. हौसेला हरकत नाही, तिला गरजेचे नाव देऊ नये.

दर मागताना

सिल्वासातील ग्राहकाला वापीची बाजारपेठ जवळ आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने राजस्थानचा माल तेथे उतरतो. दोन्हीकडचे दर विचारावेत, पण एकाच पद्धतीने. कोणी नुसत्या लादीचा चौरस फुटाचा भाव सांगतो, कोणी बसवणीसह धावत्या फुटाचा. या दोन आकड्यांची तुलना होत नाही. लिखित अंदाजपत्रकात लादीचा दर व जाडी, वाया जाणारा भाग कोणाच्या खात्यावर, कडेच्या गोलाईचा धावत्या फुटाचा दर, सिंक आणि शेगडीच्या भोकांचे पैसे, उभे आधार, वाहतूक, मजल्यावर चढवण्याची मजुरी, जुना ओटा तोडून मलबा नेण्याचा खर्च आणि जीएसटी हे सारे वेगवेगळे असावे. लादीवर जाडी सर्वत्र सारखी आहे ना, हे टेपने चारही कोपऱ्यांत मोजावे. १८ सांगून १५ मिलिमीटरची लादी मिळण्याचे प्रसंग घडतात. संपूर्ण ओट्याला पुरेल एवढा माल एकाच खेपेतील, शक्यतो एकाच दगडाच्या लाद्यांतील असावा. पुढे एक तुकडा बदलावा लागला तर त्याच छटेचा दगड मिळणे कठीण असते, म्हणून एक उरलेला तुकडा घरात ठेवून द्यावा.

काम सुरू होण्यापूर्वी गॅसची जोडणी अधिकृत तंत्रज्ञाकडून सोडवून घ्यावी आणि पुन्हा जोडल्यावर साबणाच्या पाण्याने गळती तपासावी. तोडणे, आधार उभारणे, सिमेंट सुकणे आणि बसवणी यांत चार-पाच दिवस स्वयंपाकघर बंद राहते. या कामातील बरेच कारागीर राजस्थानकडचे आहेत. होळी-दिवाळीला ते गावी जातात, तेव्हा त्याआधीच्या आठवड्यातली तारीख घेऊ नये. सिंकभोवती भरलेले सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, नळ सोडू नये. बसवणीनंतर दगडावर राहिलेला सिमेंटचा पापुद्रा काढण्यासाठी कारागीर ॲसिड मागतो. ते न देता प्लास्टिकच्या पट्टीने आणि साध्या साबणाने तो काढून घ्यावा. ॲसिडचे ओघळ खालच्या कडप्प्यावर, सिंकच्या स्टीलवर आणि कपाटांच्या बिजागऱ्यांवर पोहोचतात.